निलगिरीच्या कळीतली भागीदारी

ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या कळ्यांच्या घोसात मधूनच एखादी कळी भलतीच फुगलेली, वेडीवाकडी दिसते. ती चिरली तर आत पुंकेसरांऐवजी मऊ पेशींचा लगदा सापडतो. त्यात छोटे कप्पे आणि कप्प्यात एकेक पांढरी अळी. ही अळी फर्ग्युसोनिना नावाच्या बारीक माशीची. अशी कळी ना फुलत, ना बी धरत.

सगळा दोष माशीच्या माथी मारावा, तर सूक्ष्मदर्शकाखाली अळीभोवती सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे सूक्ष्म जंत, वळवळताना दिसतात. त्यांचं नाव फर्ग्युसोबिया. या जोडीचा संसार कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज करी यांनी १९३७ साली सविस्तर मांडला. मादी माशी कोवळ्या कळीत अंडी घालते, तेव्हा अंड्यांबरोबर कृमींची पिल्लंही आत सोडते. अंड्यांतून अळ्या निघण्याआधीच कृमी कामाला लागतात आणि कळीच्या पेशी फुगू लागतात. म्हणजे गाठीची सुरुवात कृमी करतात. अळ्या मागाहून येऊन तिथेच जेवतात.

खरी करामत पुढे आहे. गाठीत कृमींची एक पिढी नराविना वाढते, मग नर-माद्यांची पिढी येते. फळलेली कृमी-मादी माशीच्या पूर्ण वाढलेल्या अळीच्या अंगात शिरते, पण मादी अळीच्याच! हे चोखंदळपण उगाच नाही. नर माशी काही अंडी घालत नाही, त्यामुळे तिच्या अंगात शिरलेल्या कृमीचा वंश तिथेच संपला असता. मादी अळीच्या शरीरात कृमीची पिल्लं जन्मतात आणि अंडनलिकेत जाऊन बसतात. कोषातून माशी बाहेर पडते ती हे प्रवासी घेऊनच. उडायला कृमीला माशी हवी, गाठ करायला माशीला कृमी.

या माश्या यजमान झाडाबाबतही हट्टी असतात, ठरावीक झाड सोडून दुसरीकडे जात नाहीत. म्हणून फ्लोरिडात माजलेल्या ऑस्ट्रेलियन मेलाल्यूका झाडांना आवर घालायला त्यांच्यावर २००५ साली यांच्यातलीच एक जात, अर्थातच कृमींसकट, मुद्दाम सोडली गेली. तिथे मात्र तिने बस्तान बसवलं नाही.

आपल्याकडे निलगिरीच्या पानांच्या शिरांवर आणि देठांवर गाठी करणारी लेप्टोसायबी ही वेगळीच. ती इवलीशी गांधीलमाशी, तिला कृमीची गरज नाही. फर्ग्युसोनिनाची एक जात मात्र भारतातही आहे. १९८२ साली तिची नोंद झाली, तीही निलगिरीवर नव्हे, तर तिच्याच कुळातल्या जांभळाच्या वंशातील झाडावर.