खपली गहू आणि सिलिअ‍ॅकची मुलं

खपली गव्हात ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) नसतं, त्यामुळे गव्हाचा त्रास असलेल्या मुलांनाही तो चालतो, असे मेसेज हल्ली सर्रास फिरतात. सिलिअ‍ॅक आजार (ग्लुटेन खाल्लं की प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते तो) असलेल्या मुलाच्या घरी हे कुणी खरं मानलं, तर त्या मुलाच्या आतड्याला इजा होणार. खपलीत ग्लुटेन असतं.

या समजुतीत सत्याचा एक कण मात्र आहे. तो समजायला आधी आजार कसा होतो ते पाहू. ग्लुटेनच्या प्रथिनांत प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीतले दुवे) ठासून भरलेली असतात. प्रोलीन असेल तिथे आपल्या पाचक रसांना साखळी नीट तोडता येत नाही. 33 अमिनो आम्लांचा असाच एक न तुटणारा तुकडा 2002 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. असे तुकडे लहान आतड्याच्या अस्तराखाली पोचले की ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर (एन्झाइम) त्यांतल्या काही ग्लुटामीनचं ग्लुटामेट करतं, म्हणजे तिथे ऋण भार येतो. डीक्यू-2 किंवा डीक्यू-8 हे रेणू वारशाने मिळालेल्या व्यक्तीच्या प्रतिकारपेशींवर नेमक्या अशा भारासाठी खाचा असतात. तुकडा त्यांत घट्ट बसतो, टी-पेशी या प्रतिकारपेशी चवताळतात आणि अन्न शोषणारे आतड्याचे अंकुर सपाट होत जातात. हे रेणू असलेल्या बहुतेकांना मात्र आजार होत नाही.

नेहमीच्या गव्हात गुणसूत्रांचे ए, बी आणि डी असे तीन संच मिळून 42 गुणसूत्रं असतात. 33 चा तो तुकडा डी संचातून येतो. खपलीत 28 गुणसूत्रं असतात, डी संच नसतो, म्हणून तो तुकडाही नसतो. पण ए संचातल्या ग्लायडिन या ग्लुटेनमधल्याच प्रथिनाचे तुकडेही डीक्यू-2 च्या खाचेत बसतात. आजार चालू राहायला तेवढं पुरतं.

आणि पुरतं तरी किती? रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं, तर अस्तराला इजा होते असं प्रौढ रुग्णांवरच्या प्रयोगात दिसलं. म्हणजे पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग! गव्हाच्या दळणानंतर त्याच गिरणीत दळलेली ज्वारी, मैदा घातलेला बांधानी हिंग, गहू घातलेली भाजणी आणि मेतकूट, सगळीकडून हे कण येतात. धान्य निवडून, घरघंटीवर वेगळं दळणं उत्तम. ‘वाढदिवसाचा केक आहे, एकदाच खा’ असा आग्रहही नको. पोट दुखलं नाही, तरी आत अंकुर झिजू शकतात.

लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि इजाही तिथेच जास्त होते. म्हणून या मुलांत रक्तक्षय आणि खुंटलेली उंची वारंवार दिसते. अशा वेळी तांदळाचं पीठ, स्टार्च आणि साखर यांची महागडी ग्लुटेनमुक्त बिस्किटं काय कामाची? ज्वारी-बाजरीची भाकरी, सोबत उसळ किंवा डाळ, वर लिंबू पिळलेलं. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. उपवासाचे वरी, राजगिरा आणि शिंगाडा चालतात. साबुदाणा मात्र जवळजवळ नुसता स्टार्च.

मूल वाढत नाही म्हणून कुणाच्या सांगण्यावरून परस्पर गहू बंद करू नका. गहू थांबला की रक्तातली प्रतिपिंडं घटतात आणि तपासणीत आजार निसटू शकतो. आधी मुलांच्या डॉक्टरांकडून टीटीजी-आयजीए ही रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या, तोवर पोळी चालू ठेवा.