‘काढा’ म्हटलं तर एक, ‘वाचवा’ म्हटलं तर दुसरा

हिवाळ्यात जळगाव, यावल, रावेरकडे शेतांमध्ये भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. वांगी भाजून होईपर्यंत मंडळी शेकत बसलेली असतात आणि अशा वेळी चित्रपटांचा एक खेळ चांगला रंगतो. एखाद्या कलावंताचे आठ-दहा चित्रपट घ्यायचे, दर फेरीला मतं घेऊन एक बाद करायचा आणि शेवटी उरेल तो सर्वोत्तम म्हणायचा. खानदेशात हा खेळ स्मिता पाटील यांच्यावर आला की त्याला वेगळीच धार चढते. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. त्यामुळे इथे प्रत्येकाचा त्यांच्यावर थोडा घरचा हक्क असतो. ‘हाऊ पिच्चर ऱ्हाऊ द्या’ म्हणून एक जण अडून बसतो, दुसरा तोच चित्रपट पहिल्या फेरीत काढायला निघालेला असतो, आणि मग वाद सुरू होतो तो चित्रपटांच्या गुणवत्तेवर. अभिनय, विषय, संगीत, गर्दी, पुरस्कार, सगळं निघतं. एकच गोष्ट सहसा कोणी काढत नाही, ती म्हणजे मतं मोजायची कशी. निकालाचा मोठा वाटा तिथे ठरतो आणि हे गणितानं सिद्ध करता येतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी मानलेले आहेत, पण बेरीज कोणीही तपासून पाहावी.

समजा १५ जण बसले आहेत आणि तीन चित्रपट उरले आहेत: ‘उंबरठा’, ‘मिर्च मसाला’ आणि ‘नमक हलाल’. सहा जणांचा क्रम असा: आधी ‘नमक हलाल’, मग ‘मिर्च मसाला’, शेवटी ‘उंबरठा’. पाच जणांचा नेमका उलटा: आधी ‘उंबरठा’, मग ‘मिर्च मसाला’, शेवटी ‘नमक हलाल’. उरलेल्या चौघांना ‘मिर्च मसाला’ सर्वांत आवडतो, त्याखाली ‘उंबरठा’, आणि ‘नमक हलाल’ तळाला.

आता विचारा, ‘एकच वाचवायचा तर कोणता?’ ‘नमक हलाल’ला सहा हात, ‘उंबरठा’ला पाच, ‘मिर्च मसाला’ला चार. ‘नमक हलाल’ जिंकला.

त्याच लोकांना विचारा, ‘एकच काढायचा तर कोणता?’ ‘नमक हलाल’विरुद्ध नऊ हात, ‘उंबरठा’विरुद्ध सहा, ‘मिर्च मसाला’विरुद्ध एकही नाही. मघाशी पहिला आलेला चित्रपट आता पहिल्याच फेरीत बाहेर. मागे उरलेल्या दोघांत ‘मिर्च मसाला’ १० विरुद्ध ५ असा जिंकतो.

तिसरी रीत: ज्याला सर्वांत कमी जणांनी पहिला क्रमांक दिला तो काढायचा. मग ‘मिर्च मसाला’ चार मतांमुळे आधी जातो, त्याची चारही मतं ‘उंबरठा’कडे वळतात आणि ‘उंबरठा’ ९ विरुद्ध ६ असा विजयी होतो.

माणसं तीच, आवड तीच. कोणी मत बदललं नाही, कोणी लबाडी केली नाही. तरी तीन रीतींनी तीन वेगळे विजेते निघाले. या उदाहरणात मला सर्वांत बोलकी वाटते ती ‘मिर्च मसाला’ची गत. त्याची दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाशी एकास एक लढत लावली तर तोच जिंकतो: ‘नमक हलाल’विरुद्ध ९–६, ‘उंबरठा’विरुद्ध १०–५. दोघांनाही हरवणारा हा चित्रपट तिसऱ्या रीतीत मात्र सगळ्यांच्या आधी बाहेर पडतो, कारण तो बहुतेकांच्या मनात दुसरा आहे आणि त्या रीतीत दुसऱ्या क्रमांकाला सुरुवातीला काही किंमत नसते.

खानदेशातल्या पदवीधरांना आणि शिक्षकांना ही तिसरी रीत नवी नाही. विधान परिषदेच्या नाशिक विभागातल्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत जळगाव, धुळे, नंदुरबार येतात. तिथे मतदार निवडणूक आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानं नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. विजयासाठी लागणारा मतांचा कोटा कोणालाच गाठता आला नाही की सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. म्हणून तिथली मोजणी लांबते. राष्ट्रपतिपदाची निवडणूकही याच तत्त्वावर चालते. १९६९ मध्ये पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणालाच कोटा गाठता आला नव्हता; दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर व्ही. व्ही. गिरी निवडून आले. २००७ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा मात्र रिंगणात दोघेच होते, म्हणून कोणाला बाद करण्याचा प्रश्न आला नाही. दोनच पर्याय असले की साधं बहुमत पुरतं. तिसरा आला की गुंता सुरू होतो.

हा गुंता अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दोन माणसांनी नीट पाहिला. जाँ-शार्ल द बोर्डा हा नौदलातला गणिती. त्याचं म्हणणं, प्रत्येकानं पूर्ण क्रम लावावा आणि क्रमांकाप्रमाणे गुण द्यावेत. तीन चित्रपट असतील तर पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ०. आपल्या उदाहरणात ‘मिर्च मसाला’ला १९, ‘उंबरठा’ला १४, ‘नमक हलाल’ला १२ गुण मिळतात. दुसरा मार्क्वी द काँदोर्से. त्यानं १७८५ साली मांडलं की प्रत्येक जोडीची लढत लावा, आणि जो सगळ्यांना हरवेल तो विजेता. पण त्याच ग्रंथात त्यानं आपल्या रीतीची एक अडचणही दाखवली, आणि ती मोठी अचंब्याची आहे.

तिघेच जण घ्या. मामांचा क्रम ‘नमक हलाल’, ‘उंबरठा’, ‘मिर्च मसाला’. मामींचा ‘उंबरठा’, ‘मिर्च मसाला’, ‘नमक हलाल’. भाचीचा ‘मिर्च मसाला’, ‘नमक हलाल’, ‘उंबरठा’. आता ‘नमक हलाल’ ‘उंबरठा’ला दोनास एक हरवतो, ‘उंबरठा’ ‘मिर्च मसाला’ला दोनास एक हरवतो आणि ‘मिर्च मसाला’ ‘नमक हलाल’ला दोनास एक हरवतो. तिघांपैकी प्रत्येकाचा स्वतःचा क्रम अगदी सरळ आहे, पण घराचा मिळून क्रम गोल फिरतो. अशा वेळी बाद फेरीच्या जोड्या लावल्या तर जो पहिल्या लढतीत बाजूला बसतो तोच शेवटी जिंकतो. आधी ‘नमक हलाल’ आणि ‘उंबरठा’ भिडले तर विजेता ‘मिर्च मसाला’. आधी ‘उंबरठा’ आणि ‘मिर्च मसाला’ भिडले तर विजेता ‘नमक हलाल’. म्हणजे इथे जोड्या लावणाऱ्याच्या हातात निकाल असतो.

१९५१ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी याहून पुढचं दाखवलं. तीन किंवा अधिक पर्याय असतील आणि लोकांच्या क्रमांवरून एक सामूहिक क्रम काढायचा असेल, तर आपल्या काही साध्या अपेक्षा एकत्र पूर्ण करणारी रीत असूच शकत नाही. पहिली अपेक्षा: सगळ्यांना एखादा चित्रपट दुसऱ्यापेक्षा आवडत असेल तर निकालातही तो वर असावा. दुसरी: दोन चित्रपटांचा आपसातला क्रम तिसरा खेळात आहे की नाही यावर अवलंबून नसावा. तिसरी: कोणा एकाचंच मत नेहमी निकाल ठरू नये. लोकांचे क्रम कसेही असले तरी या तिन्ही अपेक्षा पाळून नीट क्रम लावून देईल असं सूत्र नाही. आपल्या पहिल्या उदाहरणात दुसरी अपेक्षा मोडलेली दिसते: ‘मिर्च मसाला’ खेळात आहे म्हणून हात वर करून ‘नमक हलाल’ जिंकतो, तो नसता तर तेच १५ जण ‘उंबरठा’ला ९–६ नं निवडतात. ॲरो यांना १९७२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हे कामही होतं.

‘काढा’ आणि ‘वाचवा’ यांतला फरक बेरजेपुरता आहे की मनातही आहे, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ एल्दार शाफिर यांनी १९९३ मध्ये विचारला. त्यांनी लोकांपुढे घटस्फोटाचा एक काल्पनिक खटला ठेवला. एक पालक सगळ्या बाबतीत मध्यम. दुसऱ्याचं मुलाशी अतिशय जवळचं नातं, उत्पन्न चांगलं, पण कामासाठी प्रवास फार आणि तब्येतीच्या किरकोळ तक्रारी. ‘मुलाचा ताबा कोणाला द्याल?’ या प्रश्नाला ६४ टक्के लोकांनी दुसऱ्या पालकाचं नाव घेतलं. ‘ताबा कोणाला नाकाराल?’ असं विचारलेल्या दुसऱ्या गटातही ५५ टक्क्यांनी त्याचंच नाव घेतलं. देणं आणि नाकारणं एकाच निर्णयाच्या दोन बाजू असत्या तर ही बेरीज १०० व्हायला हवी होती. ती ११९ झाली. शाफिर यांचं स्पष्टीकरण असं की निवडताना आपण गुण शोधतो आणि नाकारताना दोष, आणि ज्याच्याकडे दोन्ही ठळक आहेत तो दोन्हीकडे पुढे येतो. पुढे हे प्रयोग मोठ्या संख्येनं पुन्हा केले गेले तेव्हा परिणाम इतका स्पष्ट दिसला नाही, त्यामुळे याला मी पक्का नियम म्हणणार नाही. पण बाद करायच्या खेळात ठसठशीत चित्रपट आधी का पडतात आणि कोणालाच न खुपणारे शेवटपर्यंत का टिकतात, याचा अर्धा उलगडा आपल्या बेरजेत आधीच आहे.

मोठ्यानं, एकामागून एक मत सांगण्याचाही परिणाम होतो, आणि तो मोजला गेलेला आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि १४,३४१ सहभागी. काही जणांना फक्त गाणी दिली. बाकीच्यांना आठ स्वतंत्र गटांत वाटलं आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं हे दाखवलं. आकडे दिसू लागताच पुढची गाणी आणखी पुढे गेली, मागची आणखी मागे पडली, आणि कोणतं गाणं वर येणार हे गटागणिक बदललं. फार चांगली गाणी क्वचितच तळाला गेली, फार वाईट क्वचितच वर आली. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. शेकोटीभोवती पहिल्या तिघांनी ‘उंबरठा’ काढा म्हटलं की चौथ्याचं मत आता पूर्ण त्याचं राहिलेलं नसतं.

मग डावपेच आहेतच. आपल्या आवडत्या चित्रपटाला धोका असलेला प्रतिस्पर्धी मुद्दाम तळाला टाकणं हा या खेळातला नेहमीचा प्रकार आहे. बोर्डाला त्याच्या रीतीतला हा धोका दाखवला तेव्हा आपली रीत प्रामाणिक माणसांसाठी आहे असं तो म्हणाल्याचं सांगतात. ॲलन गिबर्ड यांनी १९७३ मध्ये आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केलं की तीन किंवा अधिक पर्याय जिंकू शकत असतील आणि एकाची हुकूमशाही नसेल, तर क्रमांवर चालणाऱ्या कोणत्याही रीतीत, जिथे चिठ्ठी टाकून निकाल लावलेला नाही, कधी ना कधी खोटा क्रम सांगून फायदा होऊ शकतो.

तरीही रीत निवडावी लागतेच, आणि माझी पसंती काँदोर्सेकडे आहे. वाद सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपला पूर्ण क्रम कागदावर लिहून घडी घालून द्यावा. यामुळे ऐकून मत बदलण्याची सोय राहत नाही. १० चित्रपटांच्या ४५ जोड्या होतात, पण ४५ वेळा हात वर करायची गरज नाही. त्याच कागदांवरून सगळ्या लढती मोजता येतात. एखादा चित्रपट सगळ्यांना हरवत असेल तर तो विजेता. मामा-मामी-भाचीसारखं चक्र निघालं तर त्या चक्रातल्या चित्रपटांना पहिला क्रमांक विभागून द्यावा, कारण त्यांतला एक निवडून काढावा असं त्या मंडळींनी मुळात सांगितलेलंच नसतं. आणि कागद उघडायच्या आधी, कोणत्या रीतीनं मोजणार हे सगळ्यांच्या देखत ठरवून टाकावं.