कॅलिफोर्नियातलं कम्युनिटी कॉलेज: फीमाफी आणि आर्थिक मदत कोणाला मिळते, कशी मागायची

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे प्रामुख्यानं दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारी सरकारी कॉलेजं, आहेत. राज्याच्या रहिवाशाला तिथली फी युनिटमागे (विषयाच्या श्रेयांकामागे) ४६ डॉलर पडते, म्हणजे पूर्ण वेळ शिकून वर्षाला २४ युनिट घेतली तर १,१०४ डॉलर. बे एरियातल्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा हे कमी आहे. म्हणून आपल्यातली बरीच कुटुंबं ‘एवढ्याशा फीसाठी कुठे फॉर्म भरत बसायचं’ म्हणून सोडून देतात. पण फी हा एकूण खर्चातला लहान वाटा आहे. भाडं, पुस्तकं, प्रवास, खाणं हा मोठा, आणि मदतीतली मोठी रक्कम त्यासाठीच हातात मिळते. ‘आपण व्हिसावर, आपल्याला कोण देणार’ हे दुसरं गृहीतक. तेही अनेकदा चुकीचं ठरतं.

आधी रहिवासी ठरा

प्रवेशाचा अर्ज सीसीसीअप्लाय या सामाईक संकेतस्थळावर विनाशुल्क भरता येतो. त्यातले रहिवासाबद्दलचे प्रश्न घाईत भरू नका. सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहणं झालेलं हवं आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवर दिसायला हवा. भाडेकरार, राज्याचं कर विवरणपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी असे पुरावे चालतात. लग्न न झालेल्या अल्पवयीन मुलांचा रहिवास पालकांवरून ठरतो.

एच-४ किंवा एल-२, म्हणजे नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या, व्हिसावरच्या मुलांना रहिवासी ठरता येतं, कारण त्या व्हिसात इथे घर करून राहायला मज्जाव नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ते जमत नाही आणि परराज्याची किंवा परदेशी विद्यार्थ्याची फी लागते, जी कितीतरी पट जास्त असते. त्यामुळे ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरातलं मूल २१ वर्षांचं होऊन एच-४ वरून एफ-१ वर गेलं, की त्याची फी एकदम वाढते. मूल विशीत पोचलं असेल तर कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाशी आणि आपल्या वकिलाशी हे आधीच बोलून घ्या.

फॅफ्सा: पात्रता मुलाची बघतात, पालकांची नाही

केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज म्हणजे फॅफ्सा. तो नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि निर्वासित किंवा आश्रय मिळालेल्यांसारख्या काही गटांना भरता येतो. एच-४ आणि एफ-१ वरच्या विद्यार्थ्यांना नाही. मात्र पालक एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मुलाचा जन्म इथला, म्हणजे मूल नागरिक, ही आपल्या समाजातली अगदी नेहमीची परिस्थिती आहे. अशा मुलाला फॅफ्सा भरता येतो. आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अडत नाही, फॉर्म भरण्यासाठी लागणारं ऑनलाइन खातं तिला नंबराशिवाय उघडता येतं.

विद्यार्थी २४ वर्षांच्या आत, अविवाहित आणि स्वतःच्या मुलांची जबाबदारी नसलेला असेल, तर साधारणपणे पालकांची माहिती द्यावीच लागते. विद्यार्थ्याचं वेगळं खातं, पालकाचं वेगळं. आई-वडील एकत्र कर विवरणपत्र भरत असतील तर दोघांपैकी एकानं माहिती दिली की पुरतं. करखात्याकडून आकडे थेट मागवायला दोघांनीही, म्हणजे विद्यार्थ्यानं आणि पालकानं, संमती द्यावी लागते. ती दिली नाही तर बाकी सगळा फॉर्म बरोबर असूनही केंद्राची मदत मिळत नाही.

उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं धरतात: २०२६-२७ साठी २०२४ चं. मालमत्ता मात्र फॉर्म भरण्याच्या दिवशीची. आपली माणसं अडखळतात ती इथे. राहतं घर मोजत नाहीत, निवृत्तीसाठीच्या ४०१के खात्यातली शिल्लकही नाही. पण पुण्यात भाड्यानं दिलेला किंवा कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट, नाशिकजवळचा प्लॉट, भारतातल्या बँकेतली मुदत ठेव, हे सगळं पालकांच्या नावावर असेल तर दाखवावं लागतं. आजची बाजारभावाची किंमत, वजा त्यावरचं कर्ज, डॉलरमध्ये. भावाबरोबर सामाईक असेल तर फक्त आपला वाटा. आजोबांच्या नावावर असेल तर नाही. भारतातल्या मालमत्तेचं यांना काय कळणार, या विचारानं ती गाळू नका. फॉर्मवर खोटी माहिती देणं हा केंद्रीय गुन्हा आहे, आणि व्हिसाची किंवा नागरिकत्वाची फाइल चालू असताना असली जोखीम घेणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. कमी उत्पन्नाच्या बऱ्याच कुटुंबांना मालमत्तेचे प्रश्न विचारलेच जात नाहीत, हेही लक्षात असू द्या.

कुटुंबातली माणसं मोजताना आजी-आजोबा तुमच्याकडे कायम राहत असतील आणि त्यांचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करत असाल, तर धरता येतात. उन्हाळ्यात सहा महिने येऊन जाणारे नाही.

या माहितीवरून एक निर्देशांक (स्टुडंट एड इंडेक्स) निघतो. तो जितका कमी तितकी मदत जास्त, आणि तो शून्याखाली उणे १,५०० पर्यंत जातो. त्यावर पेल ग्रँट, म्हणजे केंद्राची मुख्य मदत, ठरते. २०२५-२६ साठी ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. हे कर्ज नाही, फेडायचं नाही.

राज्याची फीमाफी

कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट म्हणजे युनिटमागचे ४६ डॉलर माफ. यात हातात पैसे येत नाहीत. आरोग्य शुल्क, पार्किंग अशा बाबी बहुधा भराव्याच लागतात. पण एकच विषय घेणाऱ्या नोकरदारालाही ती मिळू शकते. मिळण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, कॅलवर्क्ससारखी (मुलं असलेल्या गरजू कुटुंबांना मिळणारी रोख) सरकारी मदत चालू असणाऱ्यांसाठी. दुसरा, कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असणाऱ्यांसाठी. तिसरा मार्ग मध्यमवर्गीयांच्या कामाचा आहे: शिक्षणाचा एकूण अंदाजित खर्च वजा तुमचा निर्देशांक, ही गरज किमान १,१०४ डॉलर निघाली की माफी. एकूण खर्चात भाडं आणि जेवणखाणही धरतात, आणि सॅन होजेसारख्या ठिकाणी तो आकडा मोठाच असतो. त्यामुळे ‘आमचं उत्पन्न जास्त आहे’ म्हणणाऱ्या कितीतरी घरांची ही गरज सहज सिद्ध होते. अट एवढीच की फॅफ्सा भरलेला हवा.

फॅफ्सा भरताच येत नसेल तर फीमाफीचा स्वतंत्र छोटा फॉर्म असतो. ‘प्रवेश कार्यालयानं तुम्हाला कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरवलं आहे का’ असा प्रश्न त्यात असतो. एच-४ वरच्या मुलांनी आधी रहिवासाचा निर्णय लेखी मिळवावा आणि मग हा फॉर्म घेऊन आर्थिक मदत कार्यालयात जावं. कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या आणि इथल्या शाळेत शिकलेल्या मुलांसाठी कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टचा वेगळा अर्ज आहे.

कॅल ग्रँट या राज्याच्या अनुदानासाठी फॅफ्साबरोबर शाळेनं किंवा कॉलेजनं प्रमाणित केलेला जीपीए (गुणांची सरासरी) जावा लागतो. मुख्य मुदत २ मार्च. ती हुकली तर कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना २ सप्टेंबरची दुसरी संधी असते. कॅल ग्रँटच्या प्रकारांपैकी बी किंवा सी मिळाली आणि सत्रात १५ युनिट घेतली, तर स्टुडंट सक्सेस कम्प्लीशन ग्रँटचे सत्राला ४,००० डॉलरपर्यंत वेगळे मिळू शकतात. १२ ते १४ युनिट घेतली तर ही रक्कम बरीच खाली येते. एक विषय वाढवायचा की नाही हे ठरवताना हा फरक काउन्सेलरला जरूर विचारा.

नोकरी गेली असेल तर

फॉर्मवर दोन वर्षांपूर्वीचा भरघोस पगार आणि घरात आज बेकारी भत्ता, हे टेक कंपन्यांच्या कपातीनंतर अनेकांच्या वाट्याला आलं आहे. फॅफ्सामध्ये तसं लिहायला जागा नाही. आधी तो आहे त्या आकड्यांनी पुरा करायचा, मग कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयात ‘विशेष परिस्थिती’चा अर्ज द्यायचा. सोबत कपातीचं पत्र, शेवटची पगार पावती, सेव्हरन्सचा (नोकरी जाताना मिळालेल्या रकमेचा) तपशील, बेकारी भत्त्याचा कागद. निर्देशांकात बदल करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला कायद्यानं दिलेला आहे. घटस्फोट किंवा मोठं वैद्यकीय बिल असेल तरी हाच रस्ता.

पैशापलीकडची मदत

ईओपीएस हा १९६९ पासूनचा राज्याचा कार्यक्रम आहे. कमी उत्पन्न आणि शैक्षणिक अडचण, उदाहरणार्थ इंग्रजीची किंवा गणिताची पूर्वतयारी नसणं, अशा पूर्ण वेळ विद्यार्थ्यांसाठी. पुस्तकांची व्हाउचर, ठरावीक काउन्सेलर आणि सगळ्यांच्या आधी विषय नोंदवण्याची मुभा मिळते. नर्सिंगच्या पूर्वतयारीचे विज्ञान विषय मिळवताना ही मुभा रोख रकमेपेक्षा मोलाची ठरते. जागा मोजक्या असतात, म्हणून सत्राच्या बरंच आधी अर्ज करा. एकट्यानं मूल वाढवणाऱ्या आणि कॅलवर्क्स घेणाऱ्यांना याच कार्यक्रमातून केअर नावाची जादा मदत आहे.

अपंगत्व, अध्ययनातली अडचण किंवा मानसिक आजार असेल तर डीएसपीएस कार्यालय. परीक्षेला वाढीव वेळ, नोट्स, सांकेतिक भाषेचा दुभाषी अशी सोय होते. शाळेतली सोय इथे आपोआप पुढे चालू राहत नाही. शाळेचा आयईपी (मुलासाठी ठरवलेल्या खास सोयींचा आराखडा) किंवा डॉक्टरांचा अहवाल घेऊन विद्यार्थ्यानं स्वतः जायचं असतं, कारण कॉलेज पालकांशी परस्पर बोलत नाही. घरी याची चर्चा टाळण्याची आपली सवय मुलाला महागात पडते.

प्रत्येक कॉलेजात बेसिक नीड्स केंद्रही असतं. धान्य, तात्पुरता निवारा, कॅलफ्रेश या अन्नखर्चाच्या सरकारी मदतीचा अर्ज याबद्दल तिथे विचारता येतं.

मिळालेली मदत कशानं जाते

केंद्राच्या मदतीसाठी जीपीए साधारण २.० राखावा लागतो आणि घेतलेल्या युनिटांपैकी सुमारे दोन तृतीयांश पूर्ण करावी लागतात. पेल घेऊन सत्राचा ६० टक्के काळ संपायच्या आत सगळे विषय सोडले, तर काही रक्कम परत करावी लागते, आणि ती थकली तर पुढची मदत अडते. फीमाफीचे निकष वेगळे आहेत: लागोपाठ दोन मुख्य सत्रांत जीपीए २.० च्या खाली गेला किंवा निम्मी युनिटही पूर्ण झाली नाहीत, तर ती बंद होते. आजारपण, अपघात अशा कारणांसाठी अपील करता येतं. पुरावे जोडा, आणि विषय सोडायचाच असेल तर कार्यालयात विचारून मगच सोडा.