गाठ नखानं फोडून बघा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर नानांनी एक फोटो टाकला. उपटलेलं मुगाचं झाड, मुळांना चिकटलेली काळी माती आणि त्या मातीतून डोकावणाऱ्या गाठी, काही मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या. खाली अहिराणीत एकच ओळ: ‘मुयास्ले गाठी पडी ग्यात. आते काय मारू?’ (मुळांना गाठी पडल्यात. आता काय मारू?)

नाना माझे थोरले चुलतभाऊ. अमळनेर तालुक्यात चाळीस वर्षं शेती करतायत, कपाशीची पानं लांबून बघून तुडतुडे ओळखतात. पण दुकानात हाच फोटो दाखवल्यावर दुकानदारानं ‘सूत्रकृमी’ (मुळात शिरणारे सूक्ष्म किडे) म्हणत मुळाशी ओतायच्या औषधाचा डबा काउंटरवर ठेवला होता. मी सवयीनं लांबलचक उत्तर टाइप करत बसलो, तेवढ्यात पुतणीचं आलंसुद्धा. ती धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. ‘नानाकाका, डबा राहू द्या. एक गाठ मुळावरून खरवडा, निघते का बघा. निघाली तर नखानं फोडा आणि आतला रंग सांगा.’

पंधरा मिनिटांनी उत्तर आलं, ‘लगेच निघनी. मझार लाल शे, रगतसारखी.’

वनस्पतीशास्त्र शिकवण्यात माझी वीसेक वर्षं गेली, आणि या लाल रंगाइतकं आवडतं काही मला त्या विषयात सापडलेलं नाही. त्यामुळे पुढे जरा लांबण लागेल.

आधी पुतणीच्या अभ्यासाबद्दल थोडं. तिला ‘फार्मिंग सिस्टिम अँड सस्टेनेबल अ‍ॅग्रिकल्चर’ नावाचा विषय आहे. त्याच्या मुळाशी अ‍ॅग्रोइकॉलॉजी, म्हणजे शेताकडे कारखाना म्हणून न बघता परिसंस्था म्हणून बघणं. हा शब्द बेसिल बेन्सिन या कृषिशास्त्रज्ञानं १९३०च्या सुमारास वापरात आणला. कल्पना मात्र आपल्याकडे नवी नाही. पांझरा नदीवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षांची समजली जाते: बंधाऱ्याखालचं थळ, म्हणजे भिजणारं रान, फडांत वाटायचं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी फड बदलायचा आणि पाणी पाटकरी देईल तसं घ्यायचं. पिकाची फेरपालट, पाण्याची वाटणी आणि गावकी या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात. पहिल्या तासाला शिकवतात ते एवढंच, की शेतात काय कुठून आलं आणि कुठे गेलं याचा हिशेब ठेवा. ‘काय मारू?’ हा प्रश्न त्यानंतरचा.

नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, हिशेब सगळ्यात गमतीचा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि तरी पिकं नत्रासाठी उपाशी मरतात, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं जखडलेले असतात. तो बंध तोडायला खताच्या कारखान्यात लोखंडाच्या उत्प्रेरकावर ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या शे-दोनशे पट दाब लागतो. मुगाचं मूळ हेच काम चोपड्या-अमळनेरच्या मातीत, आषाढ-श्रावणातल्या साध्या तापमानाला करतं. शेंगवर्गी पिकांना गाठींमधून हवेतलं नत्र मिळतं हे हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ मध्ये जाहीर केलं. दोन वर्षांनी बायरिंकनं गाठीतला जीवाणू वेगळा काढून दाखवला.

सुरुवात बोलाचालीनं होते. नत्राची टंचाई जाणवली की मुळं फ्लॅव्होनॉइड जातीची रसायनं मातीत सोडतात. ओळखीचा रायझोबियम जीवाणू जवळ असेल तर तो उलट स्वतःची रासायनिक सही पाठवतो. सही पटली की मूलरोम, म्हणजे मुळावरचा केसासारखा तंतू, छत्रीच्या मुठीसारखा वळतो, जीवाणूला कवेत घेतो, आणि आत एक बारीक बोगदा तयार होऊन तो मुळाच्या पेशींपर्यंत पोचतो. ही सही पिकांच्या गटागणिक वेगळी असते. हरभऱ्याचा जीवाणू मुगाला चालत नाही, सोयाबीनचा हरभऱ्याला चालत नाही. म्हणून बियाण्याला लावायच्या जीवाणू संवर्धकाच्या पाकिटावर पिकाचं नाव असतं आणि ते वाचायचं असतं. (मुदतीची तारीखही. उन्हात तापलेल्या पाकिटात जीवाणू मेलेले असतात, उरते नुसती काळी भुकटी.)

आता खरी मेख. बंध तोडणारं विकर (एन्झाइम) म्हणजे नायट्रोजिनेज. त्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. नायट्रोजनच्या एका रेणूमागे ते आठ इलेक्ट्रॉन आणि किमान सोळा एटीपी (पेशीतले ऊर्जेचे रेणू) खातं, दोन अमोनिया देतं आणि वर एक हायड्रोजनचा रेणू वाया घालवतं. एवढे एटीपी बनवायचे तर जीवाणूला जोरात श्वास घ्यायला हवा, म्हणजे प्राणवायू हवा. आणि प्राणवायूचा स्पर्श झाला की हेच नायट्रोजिनेज कायमचं निकामी होतं. म्हणजे ज्या चुलीवर स्वयंपाक करायचा, तिच्याच धुरानं स्वयंपाकी गुदमरणार.

झाडानं यातून काढलेली वाट १९३९ साली हिदेओ कुबो या जपानी शास्त्रज्ञानं ओळखली. गाठीतलं लाल द्रव्य हे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच भावंड आहे. नाव लेगहिमोग्लोबिन. हे प्रथिन झाड स्वतः बनवतं. ते प्राणवायू पकडून ठेवतं आणि जीवाणूच्या दारापर्यंत मोजून पोचवतं. मोकळा प्राणवायू जवळपास शून्य, पण पुरवठा अखंड. आपल्या शरीरात हिमोग्लोबिन जे काम करतं तेच, फक्त इथे वाहून नेण्याइतकंच राखणीलाही महत्त्व आहे. नानांनी नखावर पाहिलेलं ‘रगत’ ते हेच.

म्हणून गाठीचा रंग म्हणजे तिचा हजेरीपट. आत लाल किंवा गुलाबी असेल तर काम चालू. पांढरी असेल तर अजून कोवळी, किंवा आत फुकट खाणारा जीवाणू बसलेला. हिरवट असेल तर काम संपलं, लाल द्रव्य मोडायला लागलं. मुका मार लागलेली जागा चार दिवसांनी हिरवट पडते ना, तिथेही हीमच, म्हणजे हिमोग्लोबिनचा लाल रंगाचा भाग, तुटत असतं. मुगात शेंगा भरायला लागल्या की गाठी अशा म्हाताऱ्या व्हायला लागतात.

फुकट्यांचंही झाडाकडे उत्तर आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून तिथे आरगॉन भरला. जीवाणूंनी काम करायचं ठरवलं तरी कच्चा मालच नाही. झाडानं त्या गाठींचा प्राणवायूच कमी केला आणि आतल्या जीवाणूंची वाढ खुंटली. रोजंदारीचा असा कडक मालक आमच्या पंचक्रोशीत नाही.

खानदेशातली एक नेहमीची चूक यावरून समजते. आठवडाभर झड लागली, काळ्या रानात पाणी साचलं की मूग पिवळा पडतो आणि आपण युरिया फेकतो. पिवळेपणाचं कारण बहुतेकदा मुळांचा आणि गाठींचा कोंडलेला श्वास असतो. चर काढून पाणी वाहतं करायला हवं. आणि मातीत नत्र सहज मिळायला लागलं की झाड गाठींवरचा खर्च आवरतं. घरात डबा येत असेल तर चूल कोण पेटवेल?

इथवर वाचून ‘मूग घेतला की नत्राची चिंता मिटली’ असं वाटत असेल तर थांबा. हा समज पुतणीच्या वर्गातही अर्ध्या मुलांचा असतो. मुगाच्या दाण्यात साधारण २४ टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या सव्वासहा भागांत एक भाग नत्र असतं. म्हणजे क्विंटलमागे जवळपास पावणेचार किलो नत्र. एकरी चार क्विंटल मूग झाला तर पंधरा किलो नत्र बाजार समितीत गेलं. युरियात ४६ टक्के नत्र धरलं तर हे ४५ किलोच्या पाऊण गोणीइतकं होतं. शिवाय ते सगळं हवेतलंच असतं असं नाही, काही वाटा रानातलाच. शेंगा तोडून झाडं जागेवर गाडली तर मागून येणाऱ्या दादर ज्वारीला काही मिळेल. झाडं उपटून खळ्यावर नेली, कुटार (मळणीनंतरचा भुसा) विकलं, तर हिशेब उण्यात जाऊ शकतो. पूर्वी ते कुटार बैलांच्या पोटातून शेणखत होऊन परत यायचं. नानांच्या गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो. कपाशीतल्या तुरीच्या ओळीचंही तसंच. तूर शेजारच्या कपाशीला त्याच हंगामात फारसं काही देत नाही. जे देते ते गळलेल्या पानांतून आणि कुजलेल्या मुळांतून, पुढच्या पिकाला.

याच ग्रुपवर दर महिन्याला एक संदेश फिरतो, की अमुक शेणाच्या एका ग्रॅममध्ये इतके कोटी जीवाणू आहेत, तेव्हा रानाला दुसरं काहीच लागत नाही. जीवाणू असतील, चांगलेही असतील. पण चांगल्या मातीच्या चिमटीतही ते कोट्यवधींनी असतात. जीवाणू नत्र ‘तयार’ करत नाहीत. हवेतून आणतात किंवा आहे ते फिरवतात, आणि आणणारे थोडेच. कोटींचा आकडा नत्राच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. ज्या मेसेजनं युरियाची गोणी खोटी ठरवली, त्याच्याच खाली विकायच्या बाटलीची किंमत असते, हेही बघून ठेवा.

राहिला दुकानदार. त्याचा अंदाज चुकला, पण पूर्ण हवेतला नव्हता. सूत्रकृमीची गाठ ही मुळाचीच सूज असते. ती खरवडून निघत नाही, ओढली तर मूळ तुटतं. आणि मूग हा गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा आवडता पाहुणचार. पुतणीनं नानांना बांधालगतचं, भरताच्या वांग्यांशेजारचं एक झाड उपटायला सांगितलं होतं. ते रविवारी उपटलं. फोटोत एकाच मुळावर दोन्ही दिसतायत: वर चार-पाच गोल मणी, नखानं सुटणारे, आणि खाली मुळाचाच गुंता, हळकुंडासारखा सुजलेला. खाली नानांनी लिहिलंय, ‘आते?’

पुतणीची सोमवारपासून परीक्षा आहे. तिनं ‘वांग्याची मुळं पण दाखवा’ एवढंच लिहून फोन बंद केलाय.