आच, वेळ आणि सायगॉनचे पदपथ

व्हिएतनाममधील हो चि मिन्ह सिटी हे महानगर तेथील रहिवाशांच्या बोलण्यात आजही बहुधा सायगॉनच असते. या शहराच्या पश्चिमेला चोलॉन नावाचा भाग आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे चिनी व्यापारी आणि कारागीर वसू लागले, आणि कँटनीज, तेओच्यू, फुकियन, हक्का व हैनानी अशा निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या त्या लोकांनी आपापली चूल सोबत आणली. १९३१ मध्ये चोलॉन आणि सायगॉन यांचा कारभार एकत्र झाला. पुढे १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देशाची फाळणी झाली, तेव्हा उत्तरेकडून लाखो माणसे दक्षिणेत आली आणि त्यांच्याबरोबर 'फो' हा गोमांसाच्या रश्शातील तांदळाच्या शेवयांचा पदार्थ सायगॉनच्या गल्ल्यांत पसरला. त्यामुळे आज तेथील एखाद्या रस्त्यावर उत्तर व्हिएतनामी फो, तेओच्यू पद्धतीचे तांदळाच्या शेवयांचे 'हू त्येव', फ्रेंच पावात सारण भरून केलेले 'बान्ह मी' आणि कँटनीज पद्धतीने परतलेल्या शेवया हे सारे काही पावलांच्या अंतरावर मिळते.

एवढे भिन्न पदार्थ, पण गाडीवाल्यासमोरचा प्रश्न सगळीकडे एकच असतो. त्याच्यापाशी जागा हातभर असते, शेगड्या एक किंवा दोन असतात, आणि प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसलेल्या माणसाला चार-पाच मिनिटांत ताट हवे असते. रुची मात्र अशी घाईने तयार होत नाही, कारण प्रथिने तुटायला, हाडांतील कोलॅजेन हे चिवट प्रथिन विरघळायला आणि स्टार्चची घडण बदलायला वेळ लागतोच. म्हणून हा वेळ आधी कुठेतरी खर्च केलेला असतो: कधी वर्षभर आधी समुद्रकाठच्या पिंपात, कधी आदल्या रात्री मोठ्या पातेल्यात. गिऱ्हाइकासमोर जे घडते ती या दीर्घ प्रक्रियेची केवळ शेवटची पायरी असते. या पदपथांचे खरे कौशल्य मला वेळेच्या या वाटणीतच दिसते.

सर्वांत लांबचा वेळ लागतो तो 'नुअक माम' या माशांच्या द्रवाला. फू क्वॉक बेट आणि फान थिएत हे किनारपट्टीवरील शहर ही त्याची दोन नामांकित ठिकाणे आहेत, आणि फू क्वॉकच्या नुअक मामला २०१२ मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक उत्पत्तीचे संरक्षणही दिले. पद्धत वर्णनाला सोपी आहे. 'का कम' जातीचे बोटभर लांबीचे मासे साधारण तीनास एक या प्रमाणात मिठात कालवून प्रचंड लाकडी पिंपांत दाबून भरतात आणि सुमारे वर्षभर तसेच ठेवतात. एवढ्या मिठामुळे सूक्ष्मजंतूंना वापरता येईल असे पाणी फारसे उरत नाही, त्यामुळे मासे सडवणाऱ्या बहुतेक जंतूंची वाढ खुंटते. माशाच्या पोटातील आणि स्नायूंतील पाचक विकरे मात्र आपले काम सोडत नाहीत. ती प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडून त्यांचे लहान तुकडे आणि शेवटी सुटी अमिनो आम्ले तयार करतात, तर मीठ सोसणारे मोजके जिवाणू वासात भर घालतात. वर्षअखेरीस पिंपाच्या तळाशी असलेल्या तोटीतून तांबूस, पारदर्शक द्रव बाहेर येतो. त्याची प्रत ठरते ती एक लिटरमध्ये किती ग्रॅम नायट्रोजन आहे यावरून, आणि बाटलीवर छापलेले ३० किंवा ४० हे 'अंश' म्हणजे तेच मोजमाप असते. नायट्रोजन अधिक म्हणजे माशांतील प्रथिने द्रवात अधिक उतरली, एवढा त्याचा सरळ अर्थ आहे.

या अमिनो आम्लांपैकी ग्लुटामिक आम्ल (त्याचेच क्षाररूप म्हणजे ग्लुटामेट) विशेष महत्त्वाचे आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या अर्कातून ते वेगळे काढले आणि त्याच्या चवीला 'उमामी' म्हटले. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या माशातून इनोसिनेट हे उमामी देणारे दुसरे द्रव्य शोधले. हे दोन पदार्थ एकत्र आले की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कित्येक पटींनी वाढते, कारण जिभेवरील ग्राहक रेणूच्या वेगवेगळ्या जागा ते धरतात आणि इनोसिनेटमुळे ग्लुटामेटची पकड अधिक घट्ट होते. फोच्या वाडग्यात गोमांसाच्या रश्शातून इनोसिनेट येते आणि नुअक मामच्या चमचाभर धारेतून ग्लुटामेट. ही जोडी प्रयोगशाळेत समजण्याच्या आधीपासून हे विक्रेते ती नेमकी साधत आले आहेत.

याच ठिकाणी एका भीतीचा विचार करायला हवा. आपल्याकडे ज्याला सर्रास 'अजिनोमोटो' म्हणतात ते मोनोसोडियम ग्लुटामेट सायगॉनच्या बहुतेक गाड्यांवर उघडपणे वापरले जाते, आणि चिनी पदार्थांतील या पावडरीने डोके दुखते, छातीत धडधडते असा समज महाराष्ट्रातही घट्ट रुजलेला आहे. या समजाचे मूळ १९६८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्रात आहे. पत्रलेखकाने चिनी खाणावळीत जेवल्यानंतर जाणवणारी लक्षणे सांगून काही शक्यता मांडल्या होत्या, त्यांत ग्लुटामेट ही एक होती. पुढे ज्या चाचण्यांत खाणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही नेमके काय दिले हे ठाऊक नव्हते, त्यांत नेहमीच्या जेवणातील प्रमाणाने अशी लक्षणे सातत्याने दिसून आली नाहीत. टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्ये आणि आईच्या दुधातही मुक्त ग्लुटामेट असते, आणि शरीर त्याचा रेणू कोठून आला हे ओळखू शकत नाही. एका समाजाच्या स्वयंपाकावर पुराव्याविना बसलेला हा ठपका इतकी वर्षे टिकून राहावा, हे मला अन्यायाचे वाटते.

रात्रभराचे काम फोच्या रश्शाचे. गाईची हाडे आधी काही मिनिटे उकळून ते पाणी फेकून देतात, कारण रक्तातील आणि पृष्ठभागावरील प्रथिने गोठून जो मळकट फेस तयार होतो तो रस्सा गढूळ करतो. नंतर स्वच्छ पाण्यात तीच हाडे कित्येक तास मंद आचेवर ठेवतात. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपासून कोलॅजेनची तिपदरी घडण सुटू लागते आणि त्याचे जिलेटीन बनून रश्शात उतरते. ओठांना किंचित चिकट लागणारा दाटपणा त्याचाच. आच मोठी ठेवली तर उसळणाऱ्या पाण्यात चरबीचे बारीक थेंब घुसळले जातात आणि जिलेटीन त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही, म्हणजे रस्सा कायमचा दुधाळ होतो. म्हणून अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा इतकीच उष्णता राखायची असते, आणि ती रात्रभर राखण्यासाठी कोणाला तरी जागे राहावे लागते.

रश्शात घालण्यापूर्वी कांदा आणि आले आगीवर काळे पडेपर्यंत भाजतात. वरच्या थरात तपकिरी रंगाची सुवासिक संयुगे तयार होतात, तर आतला कांदा रश्शात शिजताना त्याच्या गंधकयुक्त द्रव्यांतून मांसासारखा वास देणारे संयुग निर्माण होते. मग दालचिनी, लवंग, मोठ्या वेलचीच्या जातीचे फळ आणि चक्रीफूल पडते. चक्रीफुलाचा गंध देणारे ॲनेथॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण चरबीत सहज विरघळते. त्यामुळे वाडग्यावर तरंगणारे सोनेरी ठिपके केवळ शोभेचे नसतात, मसाल्याचा सुगंध प्रामुख्याने त्यांतच साठलेला असतो, आणि सगळी चरबी काढून टाकणारा विक्रेता त्याबरोबर सुगंधही टाकून देतो. आपल्या मसाल्यांत जे चक्रीफूल पडते त्यातील बरेचसे व्हिएतनाम आणि चीनमधूनच येते; व्हिएतनामच्या उत्तर सीमेवरील लांग सन प्रांत त्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. याच फळातील शिकिमिक आम्लापासून इन्फ्लुएन्झावरील ओसेल्टामिविर हे औषध बनवले जाते.

शेवयांच्या बाबतीत चिनी आणि व्हिएतनामी परंपरा एकमेकींत पुरत्या मिसळल्या आहेत. तांदळात ग्लुटेन हे गव्हातील चिवट प्रथिन नसते, म्हणून तांदळाच्या शेवयांना बांधून ठेवण्याचे काम स्टार्चलाच करावे लागते. भिजवलेले तांदूळ पाण्यासह वाटून त्या पिठाचा पातळ थर वाफवतात, तेव्हा स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. थर निवू लागला की त्यातील ॲमायलोज नावाच्या सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि घट्ट जाळे तयार होते. म्हणून या कामाला ॲमायलोज भरपूर असलेला, बहुधा जुना तांदूळ निवडतात. फोडणीच्या भातासाठी आदल्या दिवशीचा भात बरा, हे आपल्या घरात ज्या कारणाने खरे ठरते तेच कारण येथेही लागू पडते. चोलॉनमधील 'बोत चियन' हा पदार्थ तर यावरच उभा आहे. तांदळाच्या पिठाची वडी वाफवून, पूर्ण थंड करून, चौकोनी तुकडे कापतात आणि मोठ्या सपाट तव्यावर तेलात खरपूस करून त्यावर अंडे फोडतात. गरम वडी कापली तर ती तव्याला चिकटून तिचा लगदा होतो, तर थंड झालेल्या वडीचे तुकडे बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ राहतात.

शेवया अशा आधीच शिजवून ठेवता येतात म्हणूनच फिरती गाडी शक्य झाली. 'हू त्येव गो' विकणाऱ्यांचा मदतनीस पूर्वी दोन काठ्या किंवा लोखंडी तुकडे एकमेकांवर वाजवत गल्लोगल्ली फिरत असे, घराघरांतून मागणी घेत असे आणि काही मिनिटांत वाफाळता वाडगा दारात आणून देत असे. शेवयांना उकळत्या पाण्यात फक्त काही सेकंद बुचकळायचे असते. गव्हाच्या पिवळ्या 'मी' शेवयांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पिठात सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटसारखे क्षार मिसळतात. अल्कधर्मी पिठात ग्लुटेनचे जाळे अधिक कणखर होते आणि पिठातील मुळात रंगहीन असलेली फ्लेव्होनॉइड द्रव्ये पिवळी दिसू लागतात, त्यामुळे त्या रंगासाठी अंडे असावेच लागते असे नाही.

बान्ह मीच्या पावाला सायगॉनची हवा सर्वांत जाचक ठरते. पावाचे कवच कुरकुरीत राहते ते त्यात पाणी अगदी कमी असते तोवरच. आतल्या मऊ भागातील ओलावा बाहेर झिरपतो, दमट हवेतील बाष्प त्यात भर घालते, आणि काही तासांत कवच चामट होते. म्हणून बेकऱ्या दिवसातून अनेकदा पाव भाजतात आणि गाडीवाले तो निखाऱ्यावर किंवा लहान भट्टीत पुन्हा शेकून देतात.

सुरक्षिततेचा विचारही आच आणि वेळ यांच्याच आधारे करता येतो. रोगजंतू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात वेगाने वाढतात, आणि सतत आचेवर असलेला रस्सा या पट्ट्याच्या बराच वर असतो. अधिक काळजी घ्यायची ती बान्ह मीमधील यकृताचे मऊ वाटण (पॅटे), कच्च्या अंड्याचे मेयोनेज आणि न शिजवलेली पाने यांच्याबाबत, कारण उन्हात तासन्‌तास राहिलेल्या अशा पदार्थांत साल्मोनेला हा जिवाणू वाढू शकतो. ज्या गाडीवर गर्दी असते तेथे अन्न पडून राहत नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ धोका टळतो. मुंबईहून थेट विमान असल्याने आता तेथे जाणाऱ्या मराठी शाकाहारी मंडळींनी मात्र लक्षात ठेवावे की भाजीच्या पदार्थातही नुअक माम असू शकते. त्यांनी 'चाय' अशी पाटी शोधावी. बौद्ध परंपरेनुसार चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक व्हिएतनामी लोक शाकाहार पाळतात, आणि त्या दिवशी असे पदार्थ अधिक ठिकाणी मिळतात. त्यांच्या रश्शात सुकवलेल्या शिताके अळिंबीतील ग्वानिलेट हे द्रव्य इनोसिनेटची जागा घेते.

आता सेकंदांच्या आचेकडे वळू. वॉक ही पातळ पोलादी कढई, तिच्याखाली घरगुती शेगडीच्या कित्येक पट तीव्र ज्वाला, आणि तिच्यातून येणारा तो धुरकट सुवास, ज्याला कँटनीज लोक 'वॉक हेई' म्हणतात. येथे मुख्य अडथळा पाण्याचा असतो. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ कॅलरी पुरतात, पण त्याच पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. शेवयांचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते, तर खमंगपणा देणारी मेयार अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. शेगडी कमी पडली किंवा कढईत फार माल घातला, तर शेवया परतल्या न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतात. सहा थाळ्यांची मागणी असली तरी जाणता स्वयंपाकी एका वेळी एक-दोनच थाळ्या परततो, त्याचे कारण हे आहे. उडणारे तेलाचे सूक्ष्म थेंब ज्वालेत क्षणभर पेटतात आणि त्यांतून तयार झालेली संयुगे पुन्हा शेवयांवर बसतात.

एवढ्या आचेवर अन्न जळत का नाही, याचे उत्तर अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील हंगटांग को आणि डेव्हिड हू यांनी शोधले. व्यावसायिक स्वयंपाक्यांचे चित्रण करून २०२० मध्ये त्यांनी भात परतण्याचे गणित मांडले. स्वयंपाकी सेकंदाला सुमारे तीन वेळा कढई हलवतो. ही हालचाल दोन हालचालींची मिळून बनलेली असते: कढई पुढेमागे सरकते आणि त्याच वेळी शेगडीच्या कडेवर टेकून झुलते, आणि या दोहोंमध्ये वेळेचे किंचित अंतर ठेवले की दाणे कढईच्या कडेवरून उंच उडतात, हवेत क्षणभर निवतात आणि उलटून पुन्हा तापलेल्या धातूवर पडतात. सुमारे १२०० अंशांपर्यंत जाणाऱ्या ज्वालेवर भात करपत नाही तो यामुळे.

या कौशल्याची किंमत खांद्याला मोजावी लागते. चिनी खाणावळींतील स्वयंपाक्यांच्या एका पाहणीत साठ टक्क्यांहून अधिक जणांनी खांदेदुखीची तक्रार केली होती, आणि आपल्या निष्कर्षांचा उपयोग हे काम करणारी यंत्रे किंवा हाताला आधार देणारी साधने घडवताना व्हावा, अशी अपेक्षा दोघा संशोधकांनी व्यक्त केली आहे. तोपर्यंत बचाव आहे तो शेगडीच्या कडेचाच. कढई पूर्ण न उचलता तिचा तळ कडेवर टेकवून ठेवला, तर तिचे वजन शेगडी पेलते आणि हाताला फक्त ती ढकलण्या-ओढण्याचे काम उरते.