काडीवरचा डोळा दिसेना

पिंपळगाव बसवंतला माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांना, पेस्ट लावतात. दादा तेव्हा डेंग्यूतून नुकताच उठला होता. ताप उतरून दोन दिवस झाले होते, पेशी (प्लेटलेट्स) वाढायला लागल्या होत्या, म्हणून बागेत चक्कर मारायला गेला. तिथे त्याच्या लक्षात आलं की ज्या डोळ्यावर नजर लावावी, तोच गायब होतो. वरचा दिसतो, खालचा दिसतो, मधला पुसलेला. उजवा डोळा झाकला की जास्तच.

दवाखान्यात त्याला सांगितलं, अशक्तपणा आहे, ताकदीच्या गोळ्या घ्या. त्यात चार दिवस गेले. मग नाशिकला नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, आतला पडदा तपासला आणि दोष चष्म्याचा नाही, पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आहे, हे निदान झालं.

डोळ्याचा पडदा ही शरीरातली विलक्षण जागा आहे. कुठेही न कापता आतल्या जिवंत रक्तवाहिन्या थेट बघता येतात, अशा मोजक्या जागांपैकी ही एक. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये त्यासाठीचं उपकरण जगापुढे मांडलं आणि तेव्हापासून डॉक्टर या खिडकीतून मधुमेह, रक्तदाब यांच्या खुणा शोधत आले आहेत. यातल्या सर्वांत बारीक वाहिन्या म्हणजे केशवाहिन्या, 5 ते 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद. तांबडी पेशी स्वतःच 7-8 मायक्रॉनची, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ती अंग दुमडून, एकामागे एक अशी पुढे सरकते.

ही वाहतूक स्वतःच्या डोळ्यांनी बघता येते. पाऊस सरल्यावर नाशिकजवळच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर बसा आणि सूर्याकडे पाठ करून निळ्याशार आभाळाकडे बघत राहा. थोड्या वेळात बारीक चमकदार ठिपके वळणावळणाने पळताना दिसतील. त्या तुमच्याच पडद्यावरच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. अगदी मध्यभागी मात्र एकही ठिपका फिरकत नाही, कारण सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या त्या जागी सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या वर्तुळात केशवाहिन्याच नसतात. त्यांचं कडं तिच्या भोवती असतं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा किती तरी वेळ तिथून उठलोच नाही.

आता बागेतलं ठिबक आठवा. मुख्य पाइप, उपनळ्या, शेवटी प्रत्येक वेलीपाशी ड्रीपर. पडद्याचा आतला थर असाच एका मुख्य धमनीच्या फाट्यांवर पोसला जातो आणि एक फाटा बंद पडला तर शेजारचा त्याचं काम उचलत नाही. ठिबक दोन तऱ्हांनी बिघडतं: नळी झिरपते, नाहीतर ड्रीपर चोक होतो. विषाणूच्या आजारात या दोन्ही गोष्टी घडू शकतात.

डेंग्यूत झिरपण्यावर जोर असतो. रक्तवाहिनीला आतून साखरेच्या साखळ्यांचा मऊ लेप असतो. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस1 नावाचं प्रथिन, म्हणजे आपण ज्याची रक्ततपासणी करतो तेच, या लेपाला इजा करतं. त्यात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातून उसळलेली रसायनं भर घालतात. भिंतीचे सांधे सैल होतात, रक्तातला द्रव बाहेर येतो. पडद्यावर याचा अर्थ मधोमध सूज, बारीक रक्तस्राव, कुठे केशवाहिनी बंद. आणि हे साधारण ताप आल्यापासून आठवडाभराने होतं, ताप उतरलेला असतो आणि घरचे निर्धास्त झालेले असतात तेव्हा.

मला खरी कळकळ याचीच आहे. नाशिकमधलं सिडको असो की सातपूर, डेंग्यूच्या रुग्णाला भेटायला जाणारा प्रत्येक जण विचारतो, "पेशी किती झाल्या?" पपईच्या पानांचा रस येतो, किवी येतात. "नीट दिसतंय ना?" हे कुणीच विचारत नाही.

कोविडमध्ये चोक होण्याची बाजू पुढे आली. त्या आजारात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. 2020 च्या मे महिन्यात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्राझीलच्या डॉक्टरांनी 12 रुग्णांच्या पडद्यांची निरीक्षणं मांडली. त्यांतल्या चौघांत सूक्ष्म रक्तस्राव आणि कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढुरके डाग होते. रक्त न पोचल्याने मज्जातंतूंमधली आतली ने-आण अडते, ते फुगतात, तोच हा कापूस. त्याच लेखातल्या इतर चमकत्या ठिपक्यांवर मात्र काही तज्ज्ञांनी हरकत घेतली, की त्या नेहमीच्याच रक्तवाहिन्या असाव्यात. ही हरकत मला महत्त्वाची वाटते. साथीच्या धांदलीत 12 जणांवरून कुणी भीती पसरवू नये. कापसासारखे डाग मधुमेहात, रक्तदाबात, एचआयव्हीतही दिसतात, त्यामुळे डाग दिसला म्हणून विषाणूच दोषी असं धरता येत नाही.

आता तपासणीही सोपी झाली आहे. पूर्वी हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचून फोटो काढावे लागत. आजही गरज पडल्यास काढतात. पण नव्या यंत्रात प्रकाशाने एकाच जागेची पुन्हा पुन्हा प्रतिमा घेतात. जे हलतं ते रक्त, स्थिर ते ऊतक, एवढ्या फरकावरून केशवाहिन्यांचा नकाशा उमटतो. दादाच्या नकाशात मध्याभोवतीचं कडं एका बाजूला तुटलेलं होतं.

घरी करण्यासारखं एवढंच: तापानंतरचे दोन आठवडे रोज एकेक डोळा झाकून फरशीच्या रेषांकडे किंवा खिडकीच्या गजांकडे बघावं. रेषा वाकडी दिसली, मधेच पुसट झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं. बहुतेकांची नजर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. सूज फार असेल तर डॉक्टर स्टेरॉइड देतात, पण ते स्वतःच्या मनाने घ्यायचं औषध नव्हे. आणि डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्राव वाढतो.

दादाचं डाव्या डोळ्यातलं कडं पूर्ण जुळलं नाही. नजरेतला राखाडी ठिपका बारीक झालाय, गेला नाही. यंदा पेस्ट लावताना तो मान किंचित तिरकी धरतो आणि डोळ्याच्या जरा बाजूला बघतो. मग डोळा दिसतो.