गुंतवणूक मालमत्ता : मूल्यमापन व अर्थपुरवठा (बेळगाव सीमाभाग)

स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर भाडे मिळावे किंवा पुढे विकून नफा व्हावा म्हणून घेतलेले घर, गाळा अथवा प्लॉट म्हणजे गुंतवणूक मालमत्ता. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तिची पारख भावापेक्षा आधी कागदांवर होते, आणि तशीच व्हायला हवी.

1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुने दस्त मराठीत, काही मोडीत, तर नंतरचे कन्नडमध्ये असतात. मालकीची साखळी जुळवायची तर दोन्ही भाषा वाचणारा वकील लागतो. शेतजमिनीला पहाणी (सातबाऱ्यासारखा हक्क व पिकाचा उतारा), शहरातल्या जागेला सिटी सर्व्हेचा उतारा, आणि गहाण किंवा इतर बोजा कळण्यासाठी ईसी (बोजा दाखला) पाहतात. कुळाचा हक्क, बहिणींचा वाटा आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली जमीन या बाबी वेगळ्या तपासाव्या लागतात. अशी सरकारी जमीन परवानगीविना विकता येत नाही. 1978 च्या कायद्याने तो व्यवहार रद्द ठरतो.

प्लॉट घेताना ‘एनए-केजेपी झालंय का?’ हा इथला पहिला प्रश्न. एनए म्हणजे जमीन बिनशेती होणे, आणि केजेपी म्हणजे क्षेत्राची नवी फोड नोंदवणारे कमी-जास्त पत्रक. बिनशेती न झालेली जागा गुंठ्याने स्वस्त मिळते, पण बँका सहसा तिच्यावर कर्ज देत नाहीत. म्हणजे उद्या विकताना गिऱ्हाईकही रोखीचेच शोधावे लागते. हा तोटा खरेदीच्या वेळी फार थोडे लोक मोजतात.

भाड्याचा हिशेब उदाहरणाने पाहू. बेळगावच्या टिळकवाडीत 50 लाखांचा फ्लॅट महिना 15,000 रुपये भाड्याने दिला, तर वर्षाला 1,80,000 येतात, म्हणजे 3.6 टक्के. एक महिना रिकामा गेला आणि घरपट्टी, देखभाल व डागडुजीला 25,000 लागले, तर हाती 1,40,000 उरतात; परतावा 2.8 टक्क्यांवर येतो. त्यात 40 लाखांचे कर्ज 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे 34,700 पडतो. भाड्यातून तो निम्माही फिटत नाही. बाकी रक्कम दरमहा पगारातून किंवा धंद्यातून काढण्याची तयारी नसेल, तर कर्ज कमी घ्यावे. उद्यमबागेजवळ कामगारांना किंवा मच्छे येथील तंत्रविद्यापीठाच्या परिसरात विद्यार्थ्यांना खोल्या देण्याचा हिशेब वेगळा बसू शकतो, मात्र तिथे सुट्यांचे रिकामे महिने धरावे लागतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या 90 टक्के, 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के ही कमाल मर्यादा आहे. मुद्रांक व नोंदणीचा खर्च सहसा खिशातूनच करावा लागतो. कर्नाटकात मुद्रांक शुल्क सर्वसाधारणपणे 5 टक्के असून नोंदणी शुल्क ऑगस्ट 2025 अखेर 1 वरून 2 टक्के झाले. पतसंस्था व सौहार्द (कर्नाटकातील वेगळ्या कायद्याखालच्या) सहकारी संस्था सभासदांना कर्ज देतात. तिथे व्याजदर बँकेशी ताडून पाहावा.

खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याची वाट घेऊ नये. ते बेकायदा आहेच, शिवाय कर्ज त्या कमी आकड्यावर बेतते आणि पुढे विक्रीच्या वेळी नफा फुगलेला दिसून त्यावर कर भरावा लागतो.